‘बाण’ शब्दाचे अर्थान्तर आणि अग्निबाणाचा इतिहास

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘आज्ञापत्रा’त, दुर्गांच्या प्रकरणी, दारूखान्याविषयी काही तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घराजवळ नसावा, त्याभोवती झाडांचे दाट कुसू घालावे, खाली तळघर करावे, दारूचे बस्ते व मडकी तळघरात माचावर ठेवावीत, आणि बाण, होके इत्यादी जिन्नस मधल्या घरात ठेवावेत. त्यांस सरदी पावू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण व होके बाहेर काढावेत, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत, असा या मजकुराचा आशय आहे.

या यादीतील ‘बाण’ म्हणजे धनुष्यावर चढवून सोडावयाचा तीर, असा अर्थ करणारा वाचक आजही विरळा नाही. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की लाकडी तीरही दमट हवेत वाकतो व त्यालाही उन्हाची गरज असू शकते. परंतु तीर ठेवण्याची जागा शिलेखाना होय. दारूच्या मडक्यांशेजारी, मोहोरबंद खोलीत, होक्यांच्या म्हणजे दारू भरून हाताने फेकावयाच्या मातीच्या गोळ्यांच्या संगतीत तीर ठेवण्याचे कारण नाही. येथील बाण हा दारूने भरलेला, स्वतःच्या जळण्याने उडणारा अग्निबाण होय, याविषयी संदर्भ शंकेला जागा ठेवीत नाही. मोल्सवर्थच्या कोशातही तीर आणि अग्निबाण असे दोन्ही अर्थ या शब्दाखाली नोंदलेले आहेत. त्या कोशकर्त्याला जो भेद नोंदण्यासारखा वाटला, तो बखरी व पत्रे वाचणाऱ्यांच्या नजरेतून पुढे निसटत गेला, ही गोष्ट लहान नाही. कारण एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने एका शस्त्राचा अडीचशे वर्षांचा इतिहास झाकला गेला आहे.

चूक दोन्ही टोकांनी होते. रामायण-महाभारतातील ‘अग्न्यस्त्र’ किंवा ‘आग्नेय बाण’ वाचताना त्यात उत्तरकालीन अग्निबाण पाहिला जातो. आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदांत जेथे खरोखरच अग्निबाण आहे, तेथे पुराणातला तीर पाहिला जातो. एक वाचन अभिमानातून येते, दुसरे अनवधानातून. तथापि दोहोंचा परिणाम एकच होतो. पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंतचा काळ, ज्यात हे शस्त्र या देशातील अनाम कारागिरांच्या हातून घडत गेले, तो रिकामा पडतो. मग टिपू सुलतानाचा बाण एक तर आकाशातून पडल्यासारखा वाटतो, नाही तर थेट अर्जुनाच्या भात्यातून आल्यासारखा.

शब्दाच्या प्रवासाकडे प्रथम पाहणे उचित होईल. मोगल सैन्यव्यवस्थेवरील विल्यम अर्विन यांच्या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या शस्त्राचा स्वतंत्र विचार आहे, आणि त्यातील भाषिक तपशील इतिहासकारांनी मानला त्याहून अधिक बोलका आहे. फार्सीत तिराला ‘तीर’ हा शब्द सिद्धच होता. असे असूनही भारतातील फार्सी लेखक अग्निबाणासाठी ‘बान’ हा देशी शब्द उसना घेतात, आणि तो सोडणाऱ्याला ‘बानदार’ किंवा ‘बानअंदाज’ म्हणतात. फ्रेंच प्रवासी बर्निए १६५८च्या सामूगढच्या लढाईचे वर्णन करताना काठीला बांधलेला एक प्रकारचा स्फोटक गोळा म्हणून याच शब्दाने त्याचा उल्लेख करतो. ज्या भाषेजवळ स्वतःचा शब्द असतो ती दुसऱ्या भाषेतून शब्द उचलते, तेव्हा वस्तू वेगळी आहे आणि ती त्या दुसऱ्या भाषेच्या मुलखात भेटली आहे, असे अनुमान करण्यास हरकत नसते. मराठीत याच्या उलट दिशेने देवघेव झाली. फार्सीतून आलेल्या ‘तीर’, ‘तिरंदाज’, ‘तिरकमान’ या शब्दांनी धनुर्विद्येचे क्षेत्र व्यापले, आणि मोकळा झालेला ‘बाण’ दारूच्या शस्त्राकडे वळला. काव्यात व कीर्तनात तो जुन्या अर्थाने राहिला. दफ्तरात त्याचा अर्थ बदलला. ऐतिहासिक साधनांचा संपादक जर कीर्तनाच्या कानाने दफ्तर वाचू लागला, तर जे व्हावयाचे तेच होते.

हेच अर्थान्तर अन्यत्रही घडले आहे. चिनी भाषेत ‘अग्निबाण’ याच अर्थाचा जोडशब्द आधी जळते द्रव्य बांधलेल्या तिराला होता व पुढे स्वयंगतीच्या बाणाला लागू झाला. चीनमधील दारूच्या इतिहासाचा विचार करताना जोसेफ नीडम यांना या एकाच शब्दाने पदोपदी अडवले. कन्नडमध्ये ‘बाणबिरुसु’ हा शब्द शोभेच्या दारूसाठी रूढ आहे. मराठी घरांत दिवाळीला भुईनळे, चंद्रज्योती यांच्या बरोबरीने ‘बाण’ उडविले जातात, आणि ते उडविणाऱ्या मुलाला अर्थाची शंका पडत नाही.

नाव टिकण्याचे कारण वस्तूच्या घडणीतच आहे. दारू भरलेली नळी एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला बारीक छिद्राची असते. पेटल्यावर वायू त्या छिद्रातून मागे जोराने निसटतात व नळीला पुढे ढकलतात. पण नुसती नळी कोलांट्या खात कोठेही जाईल. तिला लांब बांबू बांधला म्हणजे मागच्या बाजूला वाऱ्याचा दाब अधिक पडतो आणि तोंड पुढच्या दिशेला राहते. तिराच्या पिसांचे जे कार्य तेच या दांड्याचे. तेव्हा दुरून पाहणाऱ्याला काठी, पुढे टोक आणि हवेतील झेप असे तिराचेच रूप दिसत असे. फरक एवढाच की धनुष्य नाहीसे होऊन त्याची शक्ती नळीत आलेली असे.

हा फरकच निकषाचा आहे. जळत्या बोळ्याचा तीर आणि अग्निबाण यांत बाह्य साम्य कितीही असो, पहिल्याला धनुष्याची गरज असते व त्याची आग बाहेरच्या हवेवर जगते. दुसऱ्याच्या दारूत सोरा असतो, तोच तिला बंद नळीच्या आत जळण्यासाठी लागणारा प्राणवायू पुरवतो. म्हणून प्राचीन ग्रंथात अग्नी, बाण व नळी हे तीनही शब्द सापडले तरी सोरा सापडल्यावाचून अग्निबाण सापडला असे म्हणता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात शत्रूचे दुर्ग पेटविण्यासाठी ‘अग्नियोग’ सांगितले आहेत. त्यांत देवदार, राळ, निरनिराळ्या प्राण्यांची विष्ठा अशी पेट घेणारी द्रव्ये आहेत. स्वयंगती देणारे मिश्रण नाही. त्याच ग्रंथात ‘शतघ्नी’ आहे, आणि टीकाकार तिचा अर्थ तटावर ठेवलेला, अणकुचीदार खिळ्यांचा प्रचंड स्तंभ असा करतात. रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीनंतर तरी शतघ्नीला तोफ म्हणण्याचा मोह आवरला जावयास हवा होता.

तो आवरला गेला नाही, याचे मूळ १७७६ साली शोधावे लागते. वॉरन हेस्टिंग्जच्या आज्ञेने पंडितांनी संस्कृतात रचलेल्या धर्मशास्त्रीय संग्रहाचे प्रथम फार्सीत व फार्सीवरून इंग्रजीत भाषांतर झाले. इंग्रजी भाषांतर नॅथॅनियल हालहेड यांचे. त्यात राजाने तोफा, बंदुका व अन्य अग्निशस्त्रे यांनी युद्ध करू नये असा नियम वाचून हालहेड यांना साहजिकच आश्चर्य वाटले, आणि प्राचीन हिंदूंना दारू अवगत होती असा तर्क त्यांनी प्रस्तावनेत मांडला. ‘अग्न्यस्त्र’ म्हणजे बांबूतून सुटणारा अग्निबाण व ‘शतघ्नी’ म्हणजे तोफ, हे समीकरणही तेथलेच. नियमाचा मूळ आधार पाहिला तर मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कूट आयुधे, विषारी शस्त्रे आणि ज्यांची टोके अग्नीने पेटविली आहेत असे बाण यांचा निषेध आहे. पेटलेल्या टोकाचा तीर दोन भाषांतरांच्या हातांतून जाताना तोफ-बंदूक झाला. अठराव्या शतकातील फार्सी जाणणाऱ्याच्या अनुभवात आगीचे शस्त्र म्हणजे तोफ आणि बंदूकच होती. त्याने अप्रामाणिकपणा केला नाही, आपल्या काळाचे शब्द वापरले इतकेच. पण त्या शब्दांवर पुढे शंभर वर्षे इमारत चढत गेली.

त्या इमारतीचा कळस म्हणजे गुस्ताफ ओपर्ट यांचा १८८० सालचा ग्रंथ. मद्रासेतील या संस्कृतज्ञाने ‘शुक्रनीती’ व ‘नीतिप्रकाशिका’ यांच्या आधारे प्राचीन भारतात दारू व बंदुका होत्या असे प्रतिपादिले. शुक्रनीतीत सोऱ्याचे पाच, गंधकाचा एक व कोळशाचा एक भाग अशी दारूची कृती आहे, लहान व मोठ्या ‘नालिका’चे वर्णन आहे, आणि ओपर्ट यांना ग्रंथाचे प्राचीनत्व गृहीत धरावयाचे असल्यामुळे दारूही प्राचीन ठरली. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या भागाविषयी संशय व्यक्त केला. १९६२ साली लल्लनजी गोपाल यांनी तर शुक्रनीती हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकातील असल्याचे साधार मांडले. त्यांच्या निष्कर्षाची वर्षे कोणी थोडीफार मागे-पुढे करो. पण दारूच्या कृतीवरून ग्रंथाचा काळ ठरविणे आणि ग्रंथाच्या काळावरून दारूचे प्राचीनत्व सिद्ध करणे, या दोन क्रियांपैकी पहिलीच तर्कशुद्ध आहे, हे त्यांच्या लेखानंतर नाकारता येत नाही. ओपर्ट यांची विद्वत्ता मोठी होती. त्यांनी संपादिलेले पाठ आजही उपयोगी पडतात. पद्धतीचा दोष मात्र मूलगामी होता.

संस्कृत शब्द दिसला की वस्तू प्राचीन, हे अनुमान किती धोक्याचे आहे याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचलेल्या ‘राजव्यवहारकोशा’चे कार्य दफ्तरातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हेच होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात समकालीन व्यवहाराच्या वस्तूंना जाणीवपूर्वक संस्कृत नावे दिली जात होती. त्या कोशाची प्रस्तावना व काळ अज्ञात राहिला असता, तर एखाद्या ओपर्टाने त्यातील शस्त्रास्त्रांची नावे पाहून त्यांचा काळ कोठे नेला असता, याची कल्पना केलेली बरी.

या पार्श्वभूमीवर परशुराम कृष्ण गोडे यांनी केलेल्या कार्याचे मोल कळते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखितांत आयुष्य घालविलेल्या या संशोधकाने १९५३ साली भारतातील शोभेच्या दारूचा १४०० ते १९०० या काळातील इतिहास प्रसिद्ध केला. शीर्षकातील पहिले वर्षच त्यांच्या संयमाचे द्योतक आहे. १४०० च्या मागे जाण्याचा मोह त्यांनी आवरला. त्यांचा सर्वांत मौल्यवान शोध म्हणजे ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणी’ या ग्रंथातील दारूकामाचे प्रकार. प्रतापरुद्राची कारकीर्द १४९७ पासून १५४० च्या सुमारापर्यंतची. या ग्रंथात कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, चंपाबाण, पुष्पवर्ती, छुछुंदरीरसबाण, तीक्ष्णनाल व पुष्पबाण अशी नावे असून गंधक, यवक्षार, कोळसा, लोखंडाचा कीस अशी द्रव्ये सांगितली आहेत. येथे ‘यवक्षार’ हा वैद्यकातला जुना शब्द सोऱ्यासाठी राबविला आहे.

गोडे यांनी या नावांची नोंद केली, पण त्यांपासून निघणारा भाषिक निष्कर्ष स्पष्ट केला नाही. आठ नावांपैकी पाचांत ‘बाण’ हे उत्तरपद आहे. चंपाबाण किंवा पुष्पबाण या नावांत पुढे फेकून मारण्याची कल्पना दुय्यम असून ठिणग्यांच्या आकाराची कल्पना प्रधान आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘बाण’ हा शब्द दारूकामाच्या जातीचे सामान्य नाव होण्याइतका रुळला होता. एखाद्या शब्दाचा विशिष्ट अर्थ असा सामान्य होण्यास काही काळ जावा लागतो. तेव्हा ‘बाण’ शब्दाचा दारूशी संबंध ग्रंथरचनेच्या किमान एक-दोन पिढ्या आधीचा असला पाहिजे, आणि तो पंधराव्या शतकात पडतो. अब्दुर्रझ्झाक या इराणी वकिलाने १४४३ साली विजयनगरच्या महोत्सवात दारूकाम पाहिले होते, ही गोष्ट या अनुमानाशी जुळते. बार्बोसाच्या १५१८च्या सुमाराच्या वृत्तान्तात गुजरातेतील लग्नसमारंभांत बाण उडविल्याचे येते. उत्सवाच्या दारूचा पुरावा युद्धाच्या दारूला लागू करावा काय, हा प्रश्न गोडे यांनी बाजूस ठेवला. त्यांचा विषय शोभेची दारू हा होता, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. परंतु कारागीर तोच, मिश्रण तेच आणि नावही तेच असताना दोन इतिहास वेगळे लिहिणे फार काळ परवडणारे नव्हते.

ती सांधेजोड इक्तिदार आलम खान यांनी केली. १९७७ सालच्या त्यांच्या निबंधात व पुढे २००४ सालच्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की दारूची विद्या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगोलांच्या संपर्काने उत्तर भारतात आली, प्रथम आतषबाजीच्या रूपाने रुजली आणि पंधराव्या शतकात युद्धात उतरली. त्यांचा मुख्य आधार फार्सी तवारिखांतील ‘हवाई’ हा शब्द आहे; मराठीतील ‘हवई’ तोच. या मांडणीचा सांगाडा भक्कम आहे. तरीही जी सावधगिरी संस्कृत ‘बाण’ वाचताना हवी, तीच फार्सी ‘हवाई’ वाचतानाही हवी. फिरिश्ता १२५८ साली हुलागूच्या वकिलासमोर दिल्लीत तीन हजार गाड्या आतषबाजी आणविल्याचे सांगतो. पण फिरिश्ता लिहितो साडेतीनशे वर्षांनंतर, स्वतःच्या काळच्या दरबारी थाटाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून. हालहेड यांच्या दुभाष्याने जे केले, ते दख्खनचा हा इतिहासकारही करू शकतो.

विद्या बाहेरून आली या म्हणण्याला शब्दांचा एक स्वतंत्र आधार आहे, आणि तो या चर्चेत फारसा आलेला नाही. मराठीतील ‘दारू’ हा फार्सी शब्द मूळचा औषधवाचक. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. कन्नड ‘मद्दु’, तेलुगू ‘मंदु’ आणि तमिळ ‘मरुन्दु’ या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ औषध व उत्तरकालीन अर्थ तोफेची दारू. चिनी भाषेत दारूला ‘अग्नि-औषध’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि १०४४ सालच्या चिनी युद्धग्रंथात तिच्या कृती दिलेल्या आहेत. ज्वालाग्राही भुकटीला औषध म्हणणे हे काही कोणाला सहज सुचणारे नाव नव्हे. चीनमध्ये त्याला कारण होते; दारू तेथे रसायन शोधणाऱ्यांच्या प्रयोगातून निघाली. अन्य भाषांत ते कारण नसताना तोच अर्थ आढळावा, याचा उलगडा वस्तूबरोबर नावाचेही भाषांतर होत गेले असे मानल्याने होतो. इराणमार्गे आलेल्या नावाची ही मालिका दक्षिणेपर्यंत अखंड दिसते. उलट ‘बाण’ हे नाव अशा कोणत्याही मालिकेत बसत नाही. ते येथले आहे. द्रव्य परदेशी व शस्त्र देशी, असा काहीसा हिशेब शब्द आपण होऊन मांडतात. शब्दांच्या साक्षीवर याहून अधिक भार टाकू नये हे खरे, परंतु इतका भार ती सहज पेलते.

युद्धातील वापराची उदाहरणे सतराव्या शतकापासून दाट होऊ लागतात. १६५७ साली औरंगजेबाने बीदरला वेढा घातला असता मोगलांनी सोडलेल्या एका बाणाची ठिणगी किल्ल्यातील दारूच्या साठ्यावर पडली आणि किल्लेदार सिद्दी मर्जान होरपळून गेला, असे यदुनाथ सरकार यांनी मूळ साधनांवरून लिहिले आहे. पानिपतावर, १७६१ साली, नजीबखानाच्या रोहिल्यांनी मातीचे आडोसे करीत पुढे सरकताना एका वेळी दोन-दोन हजार बाण सोडले व त्यांच्या आवाजाने घोडी बुजली, असे काशीराजाच्या वृत्तान्तात आहे. हा काशीराज लढाईच्या वेळी शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता. संख्येबद्दल शंका घेता येईल, प्रसंगाबद्दल नाही. १७९५ साली खर्ड्यावर रघूजी भोसल्यांच्या फौजेने निजामाच्या स्वारांवर बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी पेराँच्या तोफा त्यांच्यावर चालू झाल्या, असे ग्रांट डफ सांगतो.

या सर्व उदाहरणांत बाणाचे काम नेम धरून मारण्याचे नाही. घोडदळाची फळी विस्कळीत करणे, हत्ती-घोडे बुजविणे, दारूच्या साठ्याला वा छावणीला आग लावणे, हे त्याचे काम होते. एका माणसाला तो वाहता येई, त्याला गाडा लागत नसे, आणि तोफेला जेथे वाट नाही तेथे तो पोचे. भारतातील सैन्याचा मुख्य भर घोडदळावर होता तोवर या शस्त्राला महत्त्व असणे स्वाभाविक होते. त्याची अनिश्चितता हा दोष होताच. पण घोड्याला बाण कोठे पडणार हे कळत नाही म्हणूनच तो भितो, हे विसरून चालत नाही.

म्हैसूरचा बाण या परंपरेच्या मध्यावर उभा आहे. हैदरअलीजवळ सुमारे बाराशे बाणदार होते आणि टिपूच्या काळी प्रत्येक कुशूनात दोनशे याप्रमाणे ती संख्या पाच हजारांच्या आसपास गेली, असे मानले जाते. रोद्दम नरसिंह यांनी १९८५ साली म्हैसूर व ब्रिटन येथील बाणांविषयी जो प्रबंध लिहिला, तो या विषयावरील लेखनात वेगळा ठरतो. कारण लेखक स्वतः विमानविद्येचा शास्त्रज्ञ असून त्याने वस्तू मोजल्या. वूलिच येथील संग्रहातील दोन नमुन्यांपैकी एकाची नळी २.३ इंच व्यासाची व १० इंच लांब असून ती ३ फूट ४ इंच लांबीच्या तलवारीच्या पात्याला चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली आहे. दुसऱ्याची नळी १.५ इंच व्यासाची व ७.८ इंच लांब असून ती ६ फूट ३ इंच बांबूला बांधलेली आहे. नरसिंह यांचा मुख्य मुद्दा नळीच्या धातूचा आहे. युरोपातील तत्कालीन बाण बहुधा कागदी पुठ्ठ्याचे असत. लोखंडी नळी आतला अधिक दाब सहन करते, अधिक दाबाखाली दारू अधिक वेगाने जळते आणि ढकलही वाढते. चांगले ठोकीव लोखंड हवे तेवढे मिळत होते म्हणून हे म्हैसुरात शक्य झाले.

येथवर कोणाला आक्षेप असू नये. परंतु लोखंडी नळी ही केवळ म्हैसूरची, किंबहुना केवळ टिपूची कल्पना, असे जे पुढे सर्वत्र लिहिले जाऊ लागले, त्याला नरसिंह यांचा प्रबंध पुरेसा आधार देत नाही. क्विंटिन क्रॉफर्ड यांनी १७९० साली हिंदूंविषयीच्या आपल्या पुस्तकात बाणाचे वर्णन केले आहे. लोखंडाची नळी, लांबी सुमारे ८ इंच, व्यास दीड इंच, चार फूट बांबूच्या टोकाला बांधलेली, आणि हे शस्त्र देशी सैन्यांत जवळजवळ सर्वत्र प्रचलित, असे त्यांचे म्हणणे. वूलिचच्या दुसऱ्या नमुन्याची मापे यांशी किती मिळतात ते उघड आहे. क्रॉफर्ड यांनी पाहिलेला नमुना म्हैसूरचाच असेल, अशी शंका घेता येते. परंतु ‘सर्वत्र’ हा त्यांचा शब्द दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्यांनी त्यावरून मुसलमान वा युरोपीय जेथे गेले नाहीत तेथेही बाण आहे, म्हणून तो प्राचीन, असे अनुमान काढले, ते मात्र टिकणारे नाही. वस्तूंना पोचण्यासाठी राजांनी स्वारी करावी लागत नाही. सोऱ्याचा व्यापारी पुरतो.

म्हैसूरचे वैशिष्ट्य धातूपेक्षा संघटनेत शोधावे असे वाटण्यास जागा आहे. बाणदारांना कवायती पायदळाच्या प्रत्येक तुकडीत कायमची जागा देणे, त्यांची संख्या नेमून देणे, युद्धपद्धतीच्या ‘फतहुल मुजाहिदीन’ या पुस्तकाने सैन्याला शिस्त लावणे, हे मोगल किंवा मराठा फौजेत आढळत नाही. १७९९च्या ५ एप्रिलच्या रात्री श्रीरंगपट्टणजवळील सुलतानपेठेच्या बागेत आर्थर वेलस्लीची तुकडी अंधारात बंदुका आणि बाणांच्या माऱ्यात सापडून मागे हटली. दुसऱ्या दिवशी उजेडात तीच बाग इंग्रजांनी घेतली. एवढ्या दोन वाक्यांत या शस्त्राची ताकद व मर्यादा दोन्ही येतात. १७८०च्या पोल्लिलूरच्या लढाईत बेलीच्या दारूच्या गाड्यांचा स्फोट झाला आणि दर्या दौलत बागेतील भिंतीवर तो चितारलेलाही आहे. परंतु तो बाणानेच झाला हे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याविषयी वृत्तान्त एकमुखी नाहीत. अब्दुल कलाम यांनी अमेरिकेतील वॉलप्स येथे टिपूच्या बाणदारांचे चित्र पाहिल्याचे आपल्या १९९९च्या आत्मचरित्रात लिहिल्यापासून या विषयावर जे लोकप्रिय लेखन झाले, त्यात असा काटेकोरपणा अपवादानेच भेटतो.

विल्यम काँग्रीव्हबद्दलही असेच. श्रीरंगपट्टणच्या लुटीतील बाण इंग्लंडला गेले, १८०४ पासून त्याने प्रयोग केले, १८०६ साली बुलोन्यवर व १८०७ साली कोपनहेगनवर त्याचे बाण पडले. त्याने विद्या चोरली असे एकीकडे म्हटले जाते, तर दुसरीकडे त्याने ती स्वतंत्रपणे शोधली असे. वास्तविक काँग्रीव्ह १८०७ साली स्वतःच लिहून गेला आहे की भारतात युद्धात बाण वापरतात हे त्याला माहीत होते, मात्र ते लहान असून त्यांचा पल्ला हजार यार्डांपलीकडे नव्हता. त्याच्या ३२ पौंडी बाणाचा पल्ला सुमारे तीन हजार यार्ड होता. कल्पना भारताची, वाढ वूलिचच्या कारखान्याची. त्याच्याच कबुलीपुढे या वादाला फारसे काही उरत नाही.

वस्तूंचा पुरावा आता वाढला आहे. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर हे जुने बिदनूर. हैदराने १७६३ साली ते घेतले. तेथे २००२ साली गंजलेल्या लोखंडी नळ्या मिळाल्या, आणि २०१८ साली एका पडक्या विहिरीतून हजारांवर नळ्या निघाल्या. बहुतेक नळ्या वीतभर लांबीच्या, म्हणजे २३ ते २६ सेंटिमीटर आहेत. एकाच ठिकाणी एवढा साठा म्हणजे संग्रहातील दोन नमुन्यांवरून काढलेले निष्कर्ष पडताळण्याची अपूर्व संधी होय. दुर्दैवाने या शोधाच्या बातम्यांबरोबरच एक नवी दंतकथाही छापून आली. नळ्यांतील द्रव्यात सोरा, कोळसा व मॅग्नेशियमची भुकटी असल्याचे त्यांत म्हटले आहे. मॅग्नेशियम हा धातू हम्फ्री डेव्हीने प्रथम वेगळा केला तो १८०८ साली, टिपूच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. मातीतील मॅग्नेशियमयुक्त क्षार प्रयोगशाळेत आढळणे आणि दारूत ती धातू मिसळलेली असणे, यांतील अंतर बातमीदाराला कळले नाही. हालहेडच्या दुभाष्याप्रमाणे त्यानेही आपल्या काळाचा शब्द वापरला.

नगरच्या साठ्यात दांड्यांचे बांबू उरलेले नाहीत. नळ्याच तेवढ्या राहिल्या. त्या तशाच साठविल्या जात असत आणि दांडा आयत्या वेळी बांधला जात असे, की बांबू विहिरीतील ओलाव्यात कुजला, हे नळ्यांवरील बंधनांच्या खुणा तपासून ठरविता येईल. ‘आज्ञापत्रा’च्या काळी बाण मधल्या घरात कसे मावत असतील, हा प्रश्नही त्याच तपासणीशी निगडित आहे, सहा फुटी दांड्यासह हजार बाणांना लागणारी जागा आणि वीतभर नळ्यांना लागणारी जागा यांत पुष्कळ अंतर आहे. किल्ल्यांच्या जमाखर्चाच्या मोडी कागदांत बाणांच्या नोंदीजवळ बांबूंची वेगळी नोंद येते का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. पण त्यासाठी त्या यादीतील ‘बाण’ हा तीर नव्हे, हे वाचणाऱ्याला आधी ठाऊक असले पाहिजे.